अर्धा कोयता

"न्हाई आप्पासाहेब, खांदा दुखतोय असं मी न्हाई सांगनार. पोरीचा खांदा ठनठनीत हाय. काल तासभर सर्व्हिस मारलीया तिनं माझ्या म्होरं."

"अवो सर, एका शब्दाचं काम हाय. तुमी सांगितलं म्हंजे ती कृपा इस्वास ठेवती. आमी सांगितलं तर शंका काढंल."

"म्हनूनच न्हाई सांगनार."

हे बोलताना कानिफनाथचे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणात होते. सावेडीतल्या त्या क्लबात टेनिसची तीन कोर्टं. दोन सिमेंटची, निळ्या रंगाची, आणि कडेचं एक मातीचं. ते मातीचं कोर्ट दर शुक्रवारी सकाळी कानिफ स्वतः सारवतो. घमेल्यात शेण घ्यायचं, चाळलेला मुरूम टाकायचा, पाण्यात सरसरीत कालवायचं, कोर्टावर ओतायचं आणि भिजलेलं गोणपाट धरून मागं मागं सरकत पसरत न्यायचं. नवीन पालक नाकाला रुमाल लावतात. पोरं आधी हसतात आणि दोन महिन्यांनी त्याच कोर्टावर खेळायला भांडतात, कारण सारवलेल्या मातीवर आपटलं तरी गुडघा फुटत नाही. कमिटीनं दोनदा तेही सिमेंटचं करायचा ठराव आणला. दोन्ही वेळा कानिफ म्हणाला, करा, पण मग कोच दुसरा बघा. दुसरा कोच नगरला येईना, म्हणून ठराव कपाटात गेला.

आप्पासाहेब ओल्या शेणापासून हातभर लांब, पांढरे बूट जपत उभे होते. देवळाली प्रवरेचे बागायतदार, उसाचे मोठे प्लॉट. क्लबाला दर उन्हाळ्यात मुरमाचा ट्रॅक्टर त्यांच्याकडून येतो. त्यांची जया सावेडीत मावशीकडं राहून शिकत होती आणि चार वर्षं कानिफच्या हाताखाली खेळत होती. तिची डबल्सची जोडीदार कृपा. कृपाची आई नगरातच एका दवाखान्यात नर्स, बाप नाही. दोघी पंधरा वर्षांच्या. मागच्या हिवाळ्यात त्यांनी राज्याची सोळा वर्षांखालची डबल्स जिंकली होती, आणि कानिफच्या चौदा वर्षांच्या कोचगिरीत त्याहून मोठं काही घडलेलं नव्हतं.

येत्या सोमवारी पुण्यात राष्ट्रीय मानांकनाची स्पर्धा होती. डबल्सच्या जोड्यांनी तिथं जाऊन दुपारी चारच्या आत सही करायची. पुण्याच्या एका अकादमीतली मुलगी, देशात सहाव्या नंबरची, तिच्या जोडीदारणीचा घोटा मुरगळला होता. तिनं जयाला फोन करून विचारलं, माझ्याबरोबर खेळतेस का. जया हो म्हणाली होती.

आता प्रश्न कृपाचा. कृपाला सिंगल्सला प्रवेश मिळत नव्हता, तेवढे तिचे गुण नव्हते. ती पुण्याला जाणार होती ती फक्त जयाबरोबर खेळायला. तेव्हा जयाचा खांदा दुखतोय, ती येत नाही, तूही येऊ नकोस, एवढं सरांनी सांगून टाकलं की काम झालं, असं आप्पासाहेबांचं म्हणणं. कृपा घरीच राहील. मागनं कळलं तर कळलं, तोवर खेळून झालं असेल. कृपा चांगली पोर आहे, गुणी आहे, पण तिच्याबरोबर जया फार तर दुसऱ्या फेरीपर्यंत जाईल. ह्या पोरीबरोबर गेली तर देशात नाव होईल.

ते काही खोटं बोलत नव्हते. खेळाच्या हिशोबानं त्यांचं बरोबर होतं, आणि तेच कानिफला डाचत होतं.

शेवटी तो म्हणाला, "पाचला दोगी सरावाला येत्यात. तवर मला इचार करू द्या."

आप्पासाहेब गेले. कानिफनं गोणपाट पुन्हा पाण्यात बुडवलं. पण हात चालेना. कमरेच्या वर, पाठीच्या डाव्या बाजूला, काही झालेलं नसताना त्याला कळ आल्यासारखं वाटलं.

कानिफ जन्मानं पाथर्डी तालुक्यातला. मढीला नवस बोलून झालेला, म्हणून नाव कानिफनाथ. बाप बिभीषण, आई दगडाबाई, दोघं दर दिवाळीनंतर ऊस तोडायला प्रवरेच्या पट्ट्यात यायचे. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवराबायको. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं पाचट सोलून मोळी बांधायची. दोघं मिळून एक. ज्याला जोडीदार नाही तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी घ्यायला बघत नाही, कारण त्याचं काम धड तोडणाऱ्यात बसत नाही की बांधणाऱ्यात.

कानिफ नऊ वर्षांचा असताना भरलेली बैलगाडी कलंडली आणि बिभीषणचा पाय मांडीत मोडला. दगडाबाई अर्धा कोयता झाली. मुकादमानं तिला टोळीतून काढलं. ती गावाला परत गेली नाही. कारखान्याच्या साहेबलोकांच्या क्लबात एक टेनिसचं कोर्ट होतं, मातीचं. तिथं सारवायला बाई पाहिजे होती. कोर्ट काय आणि अंगण काय, असं म्हणून तिनं ते काम धरलं. पुढं बिभीषण लंगडत का होईना उठला, तेव्हा त्याला तिथंच राखणीला ठेवलं.

त्या क्लबात संध्याकाळी खेळायला चार साहेब असायचे. त्यातला एक कायम रजेवर, नाहीतर कारखान्यात पाळीवर, नाहीतर सासुरवाडीला. टेनिस डबल्सचं, चौथा गडी पाहिजे. एकदा चीफ केमिस्टांनी अकरा वर्षांच्या कानिफच्या हातात रॅकेट दिली आणि म्हणाले, नुसता उभा राहा, तुझ्या बाजूला आला तर परत टाक. तो परत टाकायला लागला. सहा महिन्यांत साहेबलोक त्याच्या बाजूनं खेळायला भांडायला लागले. कोर्ट कधीच मोकळं नसायचं, म्हणून एकट्याचा खेळ तो कधी शिकलाच नाही. सगळं कोर्ट आपलं असं त्याला आजवर वाटलेलं नाही. अर्धंच आपलं, आणि उरलेल्या अर्ध्यात काय चाललंय ते न बघता कळलं पाहिजे, एवढंच त्याला येत होतं.

चौदाव्या वर्षी नगरला जिल्ह्याच्या निवडीला गेला तिथं मोझेस भेटला. मोझेसचे वडील मिशनच्या शाळेत पीटीचे सर. पोरगा डावखुरा, उंच, तोंडाचा फटकळ. कानिफच्या पायातले कॅनव्हासचे बूट बघून त्यानं विचारलं, हे बूट घालून टेनिस खेळतोस का शेतात पाणी धरतोस. कानिफ म्हणाला, दोन्ही. तिथून त्यांची जोडी जमली.

एक डावखुरा, एक उजवा, म्हणून दोघांचे जोराचे हात कोर्टाच्या मधोमध यायचे. डबल्समध्ये सगळी भांडणं मधल्या चेंडूची. कुणी घ्यायचा? बाकीच्या जोड्या "माझा, माझा" ओरडतात. ह्यांचं उलटं. चेंडू जो सोडणार तो बोलायचा, आणि एकच शब्द: घे. उसाची मोळी खालून वर देताना बिभीषण गाडीवरच्याला म्हणायचा, तसं. कुणी काहीच बोललं नाही तर ज्याचा हात पुढं असेल त्यानं मारायचा. पहिल्या वर्षी त्यांच्या रॅकेटा चारदा एकमेकींवर आपटल्या. त्यानंतरच्या नऊ वर्षांत एकदाही नाही.

दहा वर्षं ते एकत्र खेळले. राज्य, मग देश, मग परदेशातल्या लहान लहान स्पर्धा. ताश्कंद, कैरो, थायलंडमधली उच्चारता न येणारी गावं. हॉटेलाच्या खोलीत लाइटच्या शेगडीवर पिठलं करायचं, वर मोझेसच्या आईनं दिलेला मिरचीचा ठेचा. कैरोत धूर झाला आणि खालचा मॅनेजर धावत वर आला तेव्हा मोझेसनं त्यालाच ताट वाढलं. डबल्सच्या जागतिक यादीत कानिफ तीनशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत पोचला, मोझेस चारशे वीसपर्यंत. गावाकडं हे कुणाला समजावून सांगता यायचं नाही. दगडाबाईला एकानं विचारलं, पोराचा नंबर किती? ती म्हणाली, चारशेच्या आत. तो म्हणाला, म्हंजे नापासच की. तिनं मान डोलावली.

आणि मग पुण्याला मोठी स्पर्धा आली. त्या दोघांचे नंबर मिळून तिथं प्रवेश होत नव्हता, थोडक्यात हुकत होता; ऐनवेळी एखादी जोडी गळाली तर, एवढ्या आशेवर दोघं जाणार होते. दिल्लीचा एक खेळाडू होता, दोनशे नव्वदीतला. त्याला जोडीदार नव्हता. त्यानं कानिफला विचारलं. कानिफ चोवीस वर्षांचा होता. हो म्हणायला आप्पासाहेबांच्या पोरीला जेवढा वेळ लागला असेल तेवढाही त्याला लागला नाही.

मोझेस तेव्हा ईस्टरसाठी नगरला घरी गेला होता. कानिफनं त्याला पुण्याहून फोन केला. खरं सांगायचं ठरवूनच केला होता. पण मोझेसनं फोन उचलल्या उचलल्या, कधी निघू, असं विचारलं, आणि कानिफच्या तोंडातून निघून गेलं, "नको येऊ मोझ्या, पाठ धरलीया माझी. ह्या आठवड्यात आपलं जमायचं न्हाई."

मोझेसनं पाठीची नीट चौकशी केली. डावीकडं का उजवीकडं? वाकता येतं का? कानिफनं डावीकडं सांगितलं.

सोमवारी दुपारी कानिफ बूट बांधून सामन्यासाठी निघाला तर सूचनांच्या फळ्यासमोर मोझेस उभा. ईस्टरची प्रार्थना उरकून, दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो आला होता. हातात खोकल्याच्या औषधाची बाटली, तीत लसूण घालून कढवलेलं तेल. त्याच्या आईनं पाठीला चोळायला दिलेलं. फळ्यावर जोड्यांची यादी लावलेली होती आणि तिच्यात कानिफचं नाव होतं.

कानिफनं त्याला तीस पावलांवरून बघितलं आणि तो पाण्याच्या टाकीच्या मागं गेला. तिथून मागच्या बाजूनं कोर्टावर गेला. माणसाला माणूस भेटायचं टाळायला टाकी पुरते हे त्याला त्या दिवशी कळलं.

सामना अठ्ठेचाळीस मिनिटांत हरले. मधल्या चेंडूला कानिफ दोनदा सवयीनं "घे" म्हणाला. दिल्लीवाल्याला मराठी येत नव्हतं. दोन्ही चेंडू दोघांच्या मधून सरळ मागच्या जाळीला गेले. मोझेस शेवटपर्यंत बसून होता, सगळ्यात वरच्या पायरीवर. सामना संपल्यावर वर बघितलं तर नव्हता. ऑफिसातल्या बाईनं कानिफला बाटली दिली, तुमचे मित्र ठेवून गेले म्हणाली. दिल्लीवाल्याचा फोन नंतर कधी आला नाही. मोझेसचा तर नाहीच.

कानिफ पुढं तीन वर्षं खेळला, अकरा जोडीदार बदलून. कुणाबरोबर तीन आठवडे, कुणाबरोबर एक. नंबर उतरत उतरत यादीतून गेला. एकदा नाशकात पाठ खरोखरच धरली तेव्हा त्यानं ती बाटली काढली. तेल खवट झालं होतं. तरी चोळलं.

मोझेसनं त्याच वर्षी रॅकेट ठेवली. माळीवाड्याच्या स्टँडमागं गाळा घेतला आणि गटिंगचं यंत्र आणलं. जिल्ह्यात टेनिसच्या रॅकेटला तार भरणारा तो एकटाच. कानिफ कोच झाल्यावर त्याच्या सगळ्या पोरांच्या रॅकेटा तिथंच जायला लागल्या. पोरांच्या हातानं जायच्या, पोरांच्या हातानं यायच्या. दांड्याला चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर तारेचा ताण किती पाउंड ठेवलाय तो आकडा, बाकी काही नाही. कानिफची स्वतःची रॅकेट जायची तेव्हा किती ताण पाहिजे हे तो कधी कळवायचा नाही. परत यायची ती चोपन्नवर. चोविसाव्या वर्षी तो चोपन्नवरच खेळायचा. आता खांदा थकलाय, पन्नास बरा पडला असता. पण सांगायला जावं लागलं असतं. तो कधी त्या गाळ्याची पायरी चढला नव्हता. सतरा वर्षं झाली.

पाच वाजता दोन्ही पोरी आल्या. आप्पासाहेबांची गाडी फाटकाबाहेर उभी राहिली, काच खाली.

कानिफनं जयाला बाजूला घेतलं आणि विचारलं, तुझ्या मनात काय आहे. ती बुटाच्या नाडीकडं बघत म्हणाली, तिला पुण्याच्या मुलीबरोबर खेळायचंय. तो म्हणाला, चांगलं आहे, खेळ. अशी संधी परत येत नाही. पण कृपाला ते तू सांगायचं, आत्ता, सरावाच्या आधी. जया म्हणाली, मग ती माझ्याशी बोलणारच नाही. कानिफ म्हणाला, "न बोलंल. पन तिला काय झालं ते ठावं असंल."

जया गेली. कृपा नेटजवळ चेंडूंची टोपली भरत होती. जया तिच्याशेजारी उभी राहिली, दोन चेंडू उचलून टोपलीत टाकले. आपल्या रॅकेटच्या मुठीची नवी पट्टी दाखवली. दोघी हसल्या. मग जया परत आली आणि तिनं नकाराची मान हलवली. कानिफनं तिला पुन्हा पाठवलं. दुसऱ्यांदा ती पाणी प्यायला वळली. नळावर उभं राहून तिनं तोंड धुतलं, मग परत धुतलं. पाण्याच्या टाकीमागं उभं राहायला काय लागतं हे कानिफला कुणी सांगायला नको होतं.

फाटकाबाहेर हॉर्न वाजला, एकदाच.

मग कानिफनं दोघींना मातीच्या कोर्टाच्या कडेला बोलावलं. शेण वाळून त्याला करडा रंग आला होता. तो म्हणाला, "कृपा, जया सोमवारी पुन्याच्या पोरीबरोबर सही करनार हाय. तुझ्याबरोबर न्हाई. तिचा खांदा बिंदा कायबी दुखत न्हाई. तुला कुनी येगळं सांगितलं तर ते खोटं समज."

जया रडायला लागली. कृपा रडली नाही. तिनं जयाला विचारलं, "कधी ठरलं?"

"परवा."

"म्हणजे काल आपण दोन तास खेळलो तेव्हा तुला माहीत होतं."

कृपा कानिफकडं वळली. "आणि तुम्हाला, सर?"

"आज सकाळी कळलं."

"तुम्ही तिला अडवलं नाही."

"न्हाई."

"का?"

"कारन खेळाच्या हिशोबानं तिचं बरूबर हाय. मी बी तिच्यावानी गेल्तो एकदा. मी तर पाठ धरली म्हनून सांगितलं हुतं."

"कोणाला?"

"तुझ्या रॅकेटला तार भरतो त्याला."

म्हणजे म्हणून तुम्ही कधी तिकडं जात नाही, एवढं कृपा म्हणाली, विचारल्यासारखं नाही, नोंद केल्यासारखं. मग तिनं टोपलीतून स्वतःचे दोन चेंडू शोधून काढले, पिशवीची चेन लावली आणि सायकल घेऊन गेली. तिची एक पाण्याची बाटली कट्ट्यावर राहिली.

आप्पासाहेब आत आले. चिडलेले नव्हते, दमल्यासारखे दिसत होते. म्हणाले, सर, तुम्ही सरळ सांगून टाकलंत, पण त्यात कुणाचं काय भलं झालं? दोन्ही पोरी दुखावल्या. एकच दुखावून भागलं असतं. आप्पासाहेब जाता जाता म्हणाले, जूनपासनं जयाला पुण्यालाच ठेवायचा विचार आहे. आणि जयाच्या पाठीवर हात ठेवून तिला घेऊन गेले.

शनिवारी कृपा आली नाही. रविवारीही नाही. कानिफनं तिच्या आईला फोन लावला तर आई म्हणाली, घरीच आहे, झोपून आहे, बोलत नाही. काय झालं असंही तिनं विचारलं नाही, म्हणजे तिला कळलं होतं.

रविवारी जेवताना दगडाबाईनं त्याच्या ताटाकडं बघितलं. सावेडीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती आता दिवसभर खिडकीत बसून असते आणि शुक्रवारी मात्र फोन करून विचारते, शेण ताजं हाय का कालचं, मुरूम चाळला का. भाकरी तशीच का, असं तिनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं.

"म्हंजे त्या पोरीला अर्धा कोयता करून ठिवलंस."

"मी न्हाई केलं. झालं ते."

"झालं न्हाईतर काय. तुझ्या मोझ्याचं बी झालंच हुतं." तिनं त्याच्या ताटातली अर्धी भाकरी उचलून स्वतःच्या ताटात घेतली. "तुझा बा पडला तवा मुकादम घोड्यावानी धावत आला आनि तोंडावर म्हन्ला, दगडे, अर्ध्या कोयत्याला जागा न्हाई. लई शिव्या दिल्या मी त्याला. पन उशीर न्हाई केला त्यानं. आदल्या वर्षी नवरा गेलेल्या रंगुबाईला बघू बघू करत म्हैनाभर ठिवली हुती फडात, काम न्हाई नि जाऊ बी देईनात. त्या म्हैन्यानं मेली ती अर्धी. मला त्याच दिशी कळलं, म्हनून त्याच दिशी निघाले. तवा ते क्लबातलं काम गावलं."

"ह्या पोरीला कुटलं काम गावनार हाय?"

"ते मला काय ठावं. कोच तू हायस का मी?"

सोमवारी कृपा आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी जया आणि पुण्याची मुलगी उपांत्य फेरीत पोचल्याचं मोबाईलवर आलं. गुरुवारी त्या हरल्या, पण तिसऱ्या सेटला, टायब्रेकमध्ये. कृपाबरोबर जया इथवर गेली नसती. कानिफला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा राग आला. बाकीच्या पोरांवर त्या दिवशी तो उगीच खेकसला. आठ वर्षांच्या एकाला रॅकेट धरायला येत नाही म्हणून त्यानं भिंतीकडं तोंड करून उभं केलं, आणि मग पाच मिनिटांनी स्वतःच जाऊन त्याची मूठ सरळ करून दिली.

शुक्रवारी सकाळी तो घमेल्यात शेण कालवत होता. मुरूम कमी पडत होता, ह्या वर्षीचा ट्रॅक्टर अजून आलेला नव्हता आणि येईलसं काही दिसत नव्हतं. फाटक वाजलं. कृपा. सायकल भिंतीला लावून ती सरळ कोर्टाच्या कडेपर्यंत आली, ओल्या शेणाची फिकीर न करता. हातात रॅकेट, नवी तार भरलेली.

तिनं दांड्याची चिठ्ठी सोडून त्याच्यापुढं धरली. कानिफचे हात भरलेले होते, म्हणून तिनंच ती उलगडली. आकडा होता, पन्नास. आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा आकड्याखाली अक्षरं होती. मोझेसचं तिरकं अक्षर, डावखुऱ्याचं: हिला डावीकडं खेळव. मुठीची वरची पट्टी बघ.

कानिफनं हात बादलीत बुचकळले, विजारीला पुसले आणि रॅकेट घेतली. मुठीवर खालच्या हाताची पट्टी जवळजवळ नवी होती. वरच्या, म्हणजे डाव्या हाताची झिजून काळी पडली होती, एका जागी पार फाटली होती. दोन्ही हातांनी मारताना ह्या पोरीचा सगळा जोर डाव्या हाताचा होता. अशा खेळाडूला कोर्टाच्या डाव्या बाजूला उभं करायचं, हे कुठलाही कोच पहिल्या महिन्यात ओळखतो. कानिफनं तिला तीन वर्षं उजवीकडं उभं केलं होतं. कारण डावी बाजू जयाला पाहिजे होती, आणि कृपा कधी काही मागत नव्हती.

त्यानं फाटलेल्या जागेवरनं अंगठा फिरवला.

"आणखी काय म्हन्ला?"

"काही नाही. जास्त बोलत नाहीत ते." तिनं आठवून बघितलं. "हां, एक विचारलं. म्हणाले, सरांची पाठ आता कशी आहे. मी म्हटलं, पाठीला काय झालंय? तर हसले."

"कसा हसला?"

"म्हणजे कसे? हसले. दात दिसले."

कानिफनं रॅकेट परत दिली. चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, तिला शेणाचा अंगठा लागला. मग तो म्हणाला, सिमेंटच्या कोर्टावर जा आणि डाव्या बाजूनं परतीचे फटके मारायला लाग, चेंडू फेकणाऱ्या मशीनमध्ये चाळीस भर. कृपा निघाली आणि परत वळली.

"सर, डावीकडं ठीक आहे. पण उजवीकडं कोण उभं राहणार?"

"हुडकावं लागंल."

"मिळेल?"

"ठावं न्हाई."

ती गेली. कट्ट्यावर आठवडाभर राहिलेली पाण्याची बाटली तिनं जाता जाता उचलली, हलवून बघितली आणि पाणी फेकून दिलं. थोड्या वेळानं चेंडूंचा आवाज सुरू झाला, दोन चांगले, एक जाळीत, परत दोन चांगले. एकदा तिच्या रॅकेटची कड सिमेंटला घासली आणि ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली.

माळीवाड्याला जायला रिक्षानं वीस मिनिटं लागतात. गाळा नऊला उघडतो. जाऊन काय बोलायचं ते कानिफला सतरा वर्षांत सुचलं नव्हतं, आणि आता सुचेल असं वाटत नव्हतं. पन्नास पाउंड, एवढं तरी सांगता आलं असतं. पण कोर्टाची एक बाजू ओली होती आणि एक कोरडी, आणि ऊन चढलं की अर्धवट राहिलेलं शेण जोडाच्या रेषेवर तडकतं. त्यानं गोणपाट बादलीत बुडवलं, पिळलं, दोन्ही टोकं मुठीत धरली आणि नेटपासून मागं मागं सरकत उरलेली बाजू सारवायला घेतली.